जंगलातली शाळा आणि लक्ष्मीबाईंची लेक

आजचे वाचन: 1 थेस्सलनीकाकरांस, अध्याय 5, वचने 16 ते 18
सोबत वाचावे: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17, वचने 1 ते 10



आजचं मनन जरा मोठं आहे. सकाळच्या लोकलमध्ये संपणार नाही, तेव्हा रात्री निवांत वाचलंत तरी चालेल.

गेल्या आठवड्यात माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. आम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलो होतो. वाचायला हाच भाग होता, पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेला. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि सरळ विचारलं, की मग आपण मलेरियाबद्दलही देवाचे आभार मानायचे का? आणि माझी परीक्षा बुडाली, त्याबद्दलही?

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. देवाची योजना मोठी असते, वगैरे. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. खरं सांगू? मलाही पटलं नव्हतं.

आधी थोडं आमच्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या कामामुळे आम्ही पुणं सोडून आलापल्लीला आलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहेरीजवळ आहे. इथून एक रस्ता भामरागडकडे जातो, एक सिरोंच्याकडे. चहूकडे सागवान. जवळच्या राखीव वनात इतके जुने, इतके उंच साग आहेत, की वर बघताना मानेला कळ लागते. 2014 मध्ये त्या वनाला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं गेलं. राज्यातलं ते पहिलंच.

इथे आल्यावर आम्ही ठरवलं, मुलांना घरीच शिकवायचं. पुण्यात असल्यापासून मनात होतं. मी मोठ्या हौसेने रंगीत वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. सकाळी सहाला वचन आणि प्रार्थना, सातला गणित, मग विज्ञान, दुपारी ऑनलाइन इंग्रजी, संध्याकाळी निसर्गवही. मुलगी मुक्त पद्धतीने आठवीची परीक्षा देणार, धाकटा अजून आठ वर्षांचा, त्याला घाई नाही. नातेवाईकांना फोटो पाठवले. कौतुक झालं. मला ते आवडलंही.

यंदाच्या पावसाने ते वेळापत्रक धुऊन नेलं. आधी वीज गेली, मग मोबाइलची रेंज. नदी-नाले चढले, रस्ते बंद झाले, मागवलेली पुस्तकं वाटेत कुठेतरी अडकली. त्यात मला थंडी वाजून ताप भरला. आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन तिथल्या तिथे तपासलं, मलेरिया निघाला. मी उठते न उठते तोच धाकटा आडवा झाला. या सगळ्यात मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख निघून गेली. रेंज आली तेव्हा पहिला मेसेज तोच होता.

त्या रात्री नवऱ्याशी माझं भांडण झालं. पुण्यातच राहिलो असतो तर, असं मी म्हणाले. त्याच रात्री मला हेही कळलं, की मला दुःख मुलीच्या वर्षाचं कमी आणि लोक काय म्हणतील याचं जास्त होतं.

मुलीच्या प्रश्नानंतर मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग आठवलं, की माझ्या लहानपणी आम्ही केडगावला जायचो. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं, दौंड तालुक्यातलं केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं मुक्ती मिशन आहे. तुमच्यापैकी अनेकांनी रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. विधवांसाठी काम, परदेशप्रवास, धर्मांतर, अशा चार ओळी. पण त्यांच्या आयुष्याची सुरुवात जंगलातल्या, घरच्या घरी चाललेल्या एका शाळेत झाली, आणि त्या घराची प्रत्येक योजना मोडली, हे मी या वेळी नव्या डोळ्यांनी वाचलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत विद्वान. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवायला जात. एका बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून या तरुण शिष्याच्या मनात एक गोष्ट पक्की रुजली, की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. पहिल्या संसारात ते जमलं नाही, घरच्यांचा विरोध झाला. पहिली पत्नी वारल्यावर, तीर्थयात्रेत, गोदावरीच्या काठी भेटलेल्या एका प्रवाशाने आपली लेक त्यांना दिली. तिचं वय नऊ आणि त्यांचं चव्वेचाळीस. आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण त्या काळात ही गोष्ट रोजची होती. त्यांनी त्या मुलीला जे दिलं, ते मात्र रोजचं नव्हतं. लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवलं.

गावात गहजब झाला. बाईला देवभाषा शिकवायची म्हणजे काय! अनंतशास्त्र्यांना उडुपीच्या पंडितांपुढे उभं राहून शास्त्राधारे आपली बाजू मांडावी लागली. शेवटी ते बायकोला घेऊन पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात गेले. आजच्या कर्नाटकात हा डोंगर आहे, तुंगा आणि भद्रा तिथे उगम पावतात. पहिल्या रात्री डोक्यावर छप्परसुद्धा नव्हतं. जवळच वाघाची डरकाळी. लहानगी लक्ष्मी पासोडीत स्वतःला गुंडाळून जमिनीवर भीतीने गोठून पडलेली आणि नवरा पहाटेपर्यंत राखण करत बसलेला. इथे आलापल्लीत रात्री लांबून काही आवाज आला की माझी मुलंही माझ्या कुशीत सरकतात, त्यामुळे ते चित्र मला फार जवळचं वाटतं.

तिथे त्यांनी घर बांधलं, शाळा सुरू केली. विद्यार्थी येऊ लागले, यात्रेकरू येऊ लागले. तिथेच 23 एप्रिल 1858 या दिवशी रमा जन्मली.

अनंतशास्त्र्यांची योजना अशी होती: रानातलं शांत घर, विद्येचा अभ्यास, बायको-मुलांना शिक्षण, आल्यागेल्याला अन्न. पण आल्यागेल्याला अन्न घालता घालता पैसा संपला. रमा सहा महिन्यांची असताना ते घर सोडावं लागलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगरावरून खाली आणलं. तिच्या आठवणीत घर नव्हतंच कधी. होती ती फक्त वाट.

त्यानंतरची जवळजवळ सोळा वर्षं हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला चालत राहिलं. आई, वडील, मोठी बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि धाकटी रमा. देवळात, नदीकाठी, झाडाखाली बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर गुजराण करायची.

आणि शाळा? शाळा वाटेवरच चालू राहिली. वडील आता थकले होते, त्यामुळे रमाला शिकवायचं काम आईकडे आलं. लक्ष्मीबाईंना दिवसभर स्वयंपाक, पाणी, पाहुणे, नवरा. मग वेळ उरायचा तो पहाटेचा. पाखरं जागी व्हायच्या आधी ती लेकीला झोपेतून उचलून मांडीवर घ्यायची, लाडीगोडी लावून जागं करायची आणि श्लोक म्हणून घ्यायची. पाटी नाही, फळा नाही, पुस्तकही बहुतेक नाही. आई म्हणायची, लेक मागून म्हणायची. असं करता करता रमाला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले. व्याकरण आलं, कोश आला. चालता चालता कन्नड, हिंदी यांसारख्या भाषा कानावर पडून आल्या, आणि घरची मराठी होतीच.

मित्रमैत्रिणींनो, मला इथे थांबून माझ्या भिंतीवरच्या रंगीत वेळापत्रकाकडे बघावंसं वाटलं.

पण पुढे जे झालं ते गोड नाही, आणि मला ते गोड करून सांगायचं नाही. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. या कुटुंबाने होतं नव्हतं ते विकलं, शेवटी भांडीसुद्धा. मजुरी करावी तर हातांना सवय नाही आणि विद्वानाने अंगमेहनत करावी हे मनाला पटणारं नाही. भीक मागायची तर लाज. रानात जाऊन झाडपाला खाऊन दिवस काढले. 1874 मध्ये अनंतशास्त्री गेले. थोड्याच काळात लक्ष्मीबाई गेल्या. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसंही मिळाली नाहीत. रमा तेव्हा सोळा वर्षांची, चणीने लहान. तिरडी खांद्यावर घेतली तर एक बाजू खाली जायची, म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली आणि तशीच कोसभर चालली. मग मोठी बहीणही गेली.

बघा, काय उरलं होतं? घर गेलं, पैसा गेला, आईवडील गेले. रानातल्या त्या शाळेची योजना पुरती मोडली होती. लक्ष्मीबाईंनी शेवटचे डोळे मिटले तेव्हा त्यांना वाटलं असेल का, की आपण लेकीला काही दिलं? आपल्या हाती दिसायला काहीच नव्हतं. ना प्रमाणपत्र, ना सुस्थळी लग्न, ना दोन वेळचं जेवण.

रमा आणि श्रीनिवास उपाशीतापाशी, अनवाणी, थंडीत नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, त्यात अंग झाकून झोपत हजारो मैल चालले. 1878 मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथे वीस वर्षांची ही मुलगी संस्कृतात बोलू लागली आणि विद्वानांची सभा थक्क झाली. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता म्हटलं, सरस्वती ही पदवी दिली. पहाटेच्या अंधारात आईच्या मांडीवर जे शिकली होती, तेच ती तिथे बोलली.

इथे गोष्ट संपली असती तर मीही तुम्हाला सांगितलं असतं, की पाहा, शेवटी सगळं छान झालं. पण तसं झालं नाही. मोडणं थांबलंच नाही.

1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. दोघांनी ठरवलं होतं, की बालविधवांसाठी शाळा काढायची. 1881 च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली. नाव ठेवलं मनोरमा. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर वर्षाचीही नसलेली लेक, आणि शाळा कागदावरसुद्धा आलेली नाही.

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, की या देशात स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात. मग स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवून 1883 मध्ये चिमुकल्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार करून बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे मायदेशी किती माणसं दुरावली, ते आपल्याला ठाऊक आहे. आणि डॉक्टर होण्याची योजना? ती कानांनी मोडली. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. वैद्यकीचं शिक्षण शक्य नाही, असं ठरलं. सातासमुद्रापार जाऊन, सगळं पणाला लावून, दार बंद.

मग त्या काय करतात? चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवतात आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकतात. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला जातात. मुक्काम थोडाच असणार होता, तो दोन वर्षांच्या वर लांबला. तिथे त्यांनी बालवाडीची, म्हणजे किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली, आणि 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुस्तक गाजलं. त्यातून पैसा उभा राहिला, बोस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली.

त्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत कोणाचं नाव असावं? मदत करणाऱ्या कुण्या श्रीमंत बाईचं नाही, कुण्या बिशपचं नाही. रमाबाईंनी ते पुस्तक आपल्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगऱ्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. आईने शिकवलं, तो आपल्या आयुष्याचा उजेड होता, असा त्याचा भाव आहे. उपाशी मेलेली आई, जिची तिरडी लेकीने डोक्यावर वाहिली, तिचं नाव एका जगभर वाचल्या गेलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांत छापलं गेलं.

हे वाचलं तेव्हा मी रडले. लपवत नाही.

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. रमाबाईंनी दुष्काळाबद्दल आभार मानले का? मी वाचलं त्यात कुठेही नाही. भूक ही भूकच होती, मरण हे मरणच होतं. त्यांनी त्याला साखर लावली नाही. इतकंच काय, आईवडिलांची चूकही झाकली नाही. आपल्याला पोटापुरतं कमवायला शिकवलं नाही, विद्येच्या आणि जातीच्या अभिमानापायी हातांना काम दिलं नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. पण ज्या पहाटे आईने दिल्या, त्या पहाटा त्या विसरल्या नाहीत. मला वाटतं, उपकारस्तुती ती हीच. जे वाईट झालं त्याला वाईटच म्हणायचं, आणि त्या वाईटाच्या मधोमध कोणी ओंजळीत काही घातलं असेल, तर ते ओळखायचं, त्याचं नाव घ्यायचं.

पौलाचं ते वचन पुन्हा वाचून बघा. तो प्रत्येक परिस्थितीत राहून आभार मानायला सांगतो. प्रत्येक परिस्थितीबद्दल, असं तो म्हणत नाही. आणि हे लिहिणारा कोण? ज्याला थेस्सलनीकामध्ये राहून शिकवायचं होतं, पण दंगा झाला आणि रातोरात गाव सोडावं लागलं. कृत्यांच्या सतराव्या अध्यायात ते सगळं आहे. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो, की परत यायची फार इच्छा होती, पण वाट अडली. म्हणजे हे पत्रच एका मोडलेल्या योजनेतून आलं. पौल ठरल्याप्रमाणे तिथे राहू शकला असता, तर कदाचित हे पत्र आपल्या हातात आलंच नसतं.

रमाबाईंची पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये एक तरुण विधवा होती, गोदूबाई. पुढे त्यांचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. सदन पुण्याला हललं. 1893 मध्ये धर्माच्या प्रश्नावरून वादळ उठलं, सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले, कितीतरी मुली घरच्यांनी काढून नेल्या. आणखी एक योजना अर्धी कोसळली. आपल्या पायावर उभं राहता यावं म्हणून रमाबाईंनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेऊन फळबाग लावायचं ठरवलं. बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल, हा हिशेब.

तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात हाहाकार उडाला. आमचा हा भाग तेव्हा चांदा जिल्ह्यात होता आणि चांदा मध्य प्रांतातच होता. बातम्या ऐकून रमाबाईंना आपले रानातले दिवस आठवले असणार. सोळाव्या वर्षी उपाशी मुलगी म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुली, तरुण विधवा घेऊन आल्या. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास. पण पुण्यात प्लेगची साथ. एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी नाही. मग कुठे न्यायच्या? फळबागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर! आधी तंबू, मग झोपड्या, मग पक्क्या इमारती. नाव पडलं मुक्ती. बाग करायला घेतलेल्या मातीत घर उगवलं. 1900 च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

आणि तिथे शिकवायचे काय? वाचन-लेखन तर होतंच. शिवाय विणकाम, शेती, गोठा, तेलाचा घाणा, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, ते मनोरमेने शिकवलं. रमाबाईंनी वडिलांच्या शाळेतलं जे चांगलं ते ठेवलं आणि जे राहून गेलं होतं ते भरून काढलं. मुक्तीतल्या मुलीला श्लोक येवो न येवो, दुष्काळ पडला तर हातात काम असणार होतं. अनंतशास्त्र्यांना गंगामूळच्या रानात शाळा काढायची होती, जिथे बाईला शिकता येईल आणि येणाऱ्याला अन्न मिळेल. ती शाळा चाळीस वर्षांनी केडगावला उभी राहिली, लेकीच्या हातून. ती त्यांना दिसली नाही.

शेवटची वर्षं रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला समजेल असं. मुलीच टाइप जुळवत, मुलीच छापत. आपल्यामागे मनोरमा सगळं सांभाळेल, असं वाटत होतं. जुलै 1921 मध्ये मनोरमाच आधी गेली. नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाई गेल्या. 1924 मध्ये त्यांचं संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं.

म्हणजे शेवटपर्यंत योजना मोडतच होत्या. आणि शेवटपर्यंत काहीतरी दिलं जात होतं.

काल संध्याकाळी मी ही गोष्ट मुलांना सांगितली. मग आम्ही भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. ओल येऊन त्याचे रंग एकमेकांत मिसळले होतेच. ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहायला घेतली. मी मुलीला सांगितलं, मलेरिया या यादीत लिहायचा नाही. बुडालेली परीक्षाही नाही. त्या दिवसांत आपल्याला कोणी काय दिलं, तेवढंच लिहायचं.

धाकट्याने पहिलं लिहिलं: अक्काची पेज. शेजारच्या तेलुगू अक्का रोज सकाळी गरम पेज आणून देत होत्या, स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असताना. मग आशाताई, गुडघाभर पाण्यातून गोळ्या घेऊन आलेल्या. मग नवरा, भांडणानंतरही रात्रभर माझ्या कपाळावर पट्ट्या बदलत बसलेला. मुलीने बराच वेळ काहीच लिहिलं नाही. शेवटी तिने लिहिलं, की बॅटरीच्या उजेडात मी दादूला पाढे शिकवले आणि मला शिकवायला आवडलं. मला हे ठाऊकच नव्हतं! मी तापात होते आणि माझ्या घरात शाळा चालू होती.

मग ती आणखी एक गोष्ट म्हणाली. तिला पुढच्या वर्षी गावातल्या शाळेत जायचं आहे. तिला मैत्रिणी हव्या आहेत, आणि माडिया बोलणाऱ्या मुलींकडून त्यांची भाषा शिकायची आहे. मला धक्का बसला. माझी सगळी योजनाच ती विनयाने परत करत होती. रागवावंसं वाटलं, मग रमाबाई आठवल्या. आईने दिलेल्या पहाटा घेऊन लेक कुठे जाईल, ते आईने ठरवायचं नसतं. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाहीही म्हटलेलं नाही. तिचा प्रश्न मी यादीत सर्वात खाली लिहून ठेवलाय, कारण तो तिने मला विचारला, हीसुद्धा एक देणगीच आहे.

तुमच्यातल्या कुणाची नोकरी गेली असेल, कुणाचं लग्न मोडलं असेल, कुणाचा व्हिसा अडला असेल. त्या गोष्टीबद्दल बळेबळे आभार मानू नका. देवाला खोटी स्तुती नको असते. पण आज झोपण्यापूर्वी एवढं करा: त्या वाईट दिवसांत तुमच्या ओंजळीत ज्याने काही घातलं, अशा एका माणसाचं नाव कागदावर लिहा. जमलं तर त्याला फोन करा. आणि त्याच्यामागे कुणाचा हात होता, त्यासाठी दोन मिनिटं शांत बसा.

प्रार्थना करूया.

हे प्रभू, आमच्या योजना मोडतात तेव्हा आम्हाला खोटं हसायला लावू नकोस. जे दुखतं ते तुझ्यापुढे दुखतं असंच सांगायचं धैर्य दे. अंधारात ज्यांनी आम्हाला जागं केलं, शिकवलं, भरवलं, त्यांची नावं आम्हाला विसरू देऊ नकोस. आम्ही जे पेरतो आहोत ते उगवलेलं आम्हाला दिसलं नाही, तरी पेरायचा हात थांबू नये. आणि आमची मुलं त्यांच्या वाटेने निघाली, तर त्यांना आशीर्वाद देऊन सोडायला शिकव. तुझ्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचे वाचन: लूक, अध्याय 17, वचने 11 ते 19. दहा जण बरे झाले, परत आला एकच. उद्या त्याच्याविषयी.